नवव्या दिव्याची हकीकत

श्री. ज्या नादाने आधी आकाश जागे केले आणि मग माणसास गुणगुणावयास शिकविले, त्या नादास दंडवत घालोन हे वर्तमान लिहिले असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नावच गंधर्वाचे, तेव्हां नादाचे घरी काही ना काही घडावयाचेच होते. राज्य कोणते ते पुसो नये. त्या राज्याचे नगारखान्यात नगारे उरले नव्हते आणि त्यांचे जागी उमाजीबुवा नादगीर यांनी स्वहस्ते जोडिलेले यंत्र होते. सुट्या सुट्या पेट्या, पेट्यांमध्ये रंगीत तारांचा गुंता, आणि मधोमध सोळा दिव्यांची ओळ, दर दिव्याखाली एक कळ. त्या ओळीचे पेटीस फिरंगी सीक्वेन्सर म्हणत, बुवा मात्रापेटी म्हणत. जेथे तांबडा दिवा तेथे सूर, आणि एक पांढरा उजेड पहिल्यापासोन सोळाव्यापर्यंत चालत जाई, आणि ज्या दिव्यावर येई तेथील सूर वाजे, आणि मग पुन्हा पहिल्यावर येई. येणेप्रमाणे रोज प्रातःकाळी बुवांची चीज वाजे आणि नगर अंथरुणातून उठे.

गेल्या चैत्रमासी बुवा कैलासवासी जाहले. मागे त्यांची एकुलती एक कन्या भिवराबाई राहिल्या. बाईंस गाणे येत नव्हते, वाजविणे येत नव्हते. चाळीस वर्षे आबांचा डबा नगारखान्यात पोचविला, एवढीच त्यांची संगीतसेवा. परंतु रोज ती चीज ऐकिली म्हणजे आबा नगारखान्याचे माडीवर आहेत आणि हाक मारिली तर ओ देतील ऐसे त्यांस वाटे, आणि त्या आधारे त्यांचा दिवस निघे. चीज कोठे लिहून ठेविली नव्हती. ती त्या दिव्यांत होती, दुसरी प्रत नाही.

बुवा होते तोवर दिव्यांकडे कोणी ढुंकून पाहिले नाही, आणि ते गेल्यावर सर्वांनीच पाहिले. तो काय, पंधरा दिवे लागले आहेत आणि नववा अंधारा! दरबारात कुजबूज जाहली, की गेलेल्या माणसाचे यंत्रात दिवा गेला, हा अपशकुन. चिटणीस अंताजीपंत फार हुशार, ते जातीने पाहावयास आले. पांढरा उजेड चालतो तसा एकेक दिवा उघडमीट करितो हे पाहोन म्हणाले, "दिवे लवताहेत! डोळा लवतो तसे. आणि तेही डाव्या अंगाकडून." मग यंत्राची दृष्ट काढविली, मिरच्यांचा ठसका लागोन पहारेकरी खोकत खाली गेले, आणि नववा दिवा अंधाराच राहिला. मग भिवराबाईंनी पेटीचे झाकणात आबांचे हातची चिठी सापडली ती आणून दिली. तीत लिहिले होते, "चालत्या दिव्यावर नजर ठेवावी. बसत्यांस हात लावो नये. नववा खाली."

पंतांनी चिठी तीनदा वाचिली आणि मांडीवर थाप मारिली. "खाली! अहो, दिवा चुकून वर बसला आहे." सुतार बोलाविला आणि नववा दिवा चार बोटे खाली बसविला. लागला नाही. मग म्हणाले, की दिव्याचे खाली काही असेल, आणि पेटीखालची फळी उचकटली, तो तेथे पंतांचाच अडकित्ता निघाला, जो तीन वर्षांमागे हरविला म्हणोन घरच्या गड्यास बोल लाविला होता. पंतांनी तो मुकाट्याने कमरेस खोविला आणि रागाने नवव्याची कळ दाबिली. दिवा लागला! सर्वांनी वाहवा केली.

परंतु दुसरे दिवशी चीज वाजली ती ओळखू येईना. सूर सारे होते, एकही कमी नव्हता, आणि तरी एकमेकांचे पायांत पाय अडकून पडत होते. भिवराबाई जिन्यातच बसल्या. आबा आज खरेच गेले, ऐसे त्यांचे मनात आले आणि पदराने तोंड झाकून रडल्या. महाराजही कान झाकून बाहेर आले आणि म्हणाले, "हा गोंगाट पुरे. यंत्र सुटे करा आणि पेट्या कोठीत टाका." पेट्या सुटल्या म्हणजे दिवे जाणार, आणि दिव्यांबरोबर चीज जाणार. तेव्हां भिवराबाई हात जोडोन बोलिल्या, "महाराज, एकदा आबांजवळ बसते. मग काय ते करा." महाराज बरे म्हणाले.

बाई यंत्रापुढे बसल्या. काही कळेना, तेव्हां चिठीबरहुकूम चालत्या दिव्यावर नजर ठेविली, आणि नकळत पेटीचे लाकडावर हात थोपटू लागला. लहानपणी आबा निजविताना पाठीवर थोपटीत, तसाच. एक, दोन, तीन, करता करता आठ थापा जाहल्या आणि बाईंचा हात आपोआप वर उचलला गेला आणि अधांतरी राहिला. आबांचा हातही तेथेच उचलला जाई. ती पोर डोळे मिटून त्याची वाट पाही, आणि दहाव्यास तो पाठीवर परत येई. बाई एकदम ओरडल्या, "अहो पंत, खाली म्हणजे तळाशी नव्हे! तालातली खाली! तिथं टाळी नसते, हात मोकळा सोडायचा असतो!"

आणि त्यांनी कळ दाबोन नववा दिवा मालविला. पांढरा उजेड आठव्यावरून नवव्याचे काळोखात गेला, आणि क्षणभर काही वाजले नाही, आणि मग चीज अशी उमलली की माडीखालचे पहारेकरी जिना चढोन वर आले. महाराजांनी हळूच पुसिले, "मग हा दिवा विझलेला नव्हे?"

"नव्हे महाराज," बाई बोलिल्या. "आबांनी हात उचललाय."

तात्पर्य, यंत्र कोठीत गेले नाही, आणि नवव्या दिव्यास कोणी हात लावो नये ऐसी ताकीद जाहली, तिजवर शिक्का अंताजीपंतांनीच केला. भिवराबाई रोज प्रातःकाळी माडीवर येतात, आठ थापा थोपटतात, हात उचलतात, आणि तो परत येईतो डोळे मिटून बसतात. इतके घडले ते लिहिले.