तपासलेला फासा

शेजारच्या आबांकडे बुवाबाजी चालते, असं मी सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, लेखी दिलं. खाली ठसठशीत सही केली.

आता या आबांविषयी सांगतो, म्हणजे चूक सगळी माझीच नव्हती हे तुम्हाला पटेल. नाही पटलं तर सोडून द्या, माझ्या बायकोलाही पटलेलं नाही.

आबा धुळ्याला वजनमापे निरीक्षक होते. निवृत्त होऊन जळगावात, मेहरूणला राहायला आले. नोकरी सुटली, संशय काही सुटला नाही. बाजारात जाताना खिशात स्वतःचं दोनशे ग्रॅमचं वजन. भरताची वांगी घेण्याआधी ते वजन भाजीवालीच्या काट्यावर ठेवायचे आणि काट्याकडे असे रोखून बघायचे, की तो आपणहून कबुली देईल. 'तपासून घेऊ' हे त्यांचं पालुपद. कुणी राम राम केला तरी क्षणभर थांबायचे. राम राम पुरेसा भरतोय की नाही हे बघून मग परत करायचे. आम्ही गेल्याच दिवाळीत शेजारी राहायला आलो, तेव्हा बायकोने त्यांच्याकडे पाव किलो लाडू पाठवले. दुसऱ्या दिवशी डबा परत आला, निरोपासकट. "लाडू चांगले होते हो. बारा ग्रॅम कमी होते, पण चांगले होते."

अशा माणसाशेजारी राहिलं की संशयाची लागण होते. मला झाली.

आबांचं दार कधी वीतभराच्या वर उघडायचं नाही. त्यांच्या पत्नी, अक्का, मी कधी पाहिल्याच नव्हत्या. "अक्का कशा आहेत?" विचारलं की अहिराणीत "बरी शे", बरी आहे, एवढं दाराबाहेर यायचं आणि दार लागायचं. आणि दर रविवारी दुपारी तीन वाजता एक मुलगी दोन मैत्रिणींना घेऊन त्यांच्याकडे यायची. दोन तास आत काहीतरी चालायचं.

आमची मधली भिंत पातळ आहे. तरी मी भिंतीला स्टीलचा पेला लावला, खोटं कशाला बोलू?

"आधी देवाचं खातं ठरवा," आबांचा आवाज. "मृत्यूचं खातं नको. जीवन खातं घ्या, सगळ्यात स्वच्छ."

"तुम्ही नका हो सांगू, आबा. त्यांनाच निवडू द्या," ती मुलगी. "उजेड? वादळ? युद्ध? लबाडी?"

एकदम टाळ्या.

"लबाडी?" आबा जवळजवळ ओरडलेच. "मी जन्मभर लबाडी पकडली, आणि माझ्याच घरात लबाडीच्या देवाची पुजारीण?"

मी पेला भिंतीला आणखी घट्ट दाबला. पुढच्या रविवारी तर त्या मुलीने स्पष्ट शब्दांत जाहीर केलं, "आबा मेले." संध्याकाळी मेलेले आबा कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरताना मी स्वतः पाहिले. मग मात्र मी कागद घेतला.

सेक्रेटरी चौधरीभाऊंनी तो कागद दोनदा वाचला आणि रविवारी दुपारी मलाच पुढे घातलं. "तुम्ही व्हा पुढे. सही तुमची आहे."

दार वीतभर उघडलं. आबांनी कागद वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही तपासली.

"पुरावा काय?"

"ऐकलंय," मी म्हणालो.

"कशानं?"

मी चौधरीभाऊंकडे बघितलं. ते जिन्याकडे बघत होते.

आबांनी दार पूर्ण उघडलं. "या. तपासून घ्या."

आत खिडकीशी दवाखान्यातल्यासारखी खाट होती. उशांना टेकून अक्का बसल्या होत्या. सहा महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली होती. ती मुलगी म्हणजे तन्वी, त्यांचा व्यायाम घेणारी फिजिओथेरपिस्ट. खाटेवरच्या ट्रेमध्ये बोगद्याचा नकाशा आणि वीस बाजूंचे फासे. तन्वीने समजावलं: हा गोष्टीचा खेळ. प्रत्येकाचं एक सोंग. अक्का पुजारीण, त्यांचा देव ज्या खात्याचा तशी त्यांच्या अंगात शक्ती. आबा पहारेकरी.

"बोटं उघडायचा व्यायाम अक्का दोन मिनिटं करायच्या नाहीत," ती म्हणाली. "फासा टाकायला दोन तास करतात."

"फासे तपासलेले शेत," आबा म्हणाले. "प्रत्येक शंभरदा टाकून बघितला." खरंच, पास झालेल्या फाशांवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

चौधरीभाऊंना एकाएकी टाकीच्या पाण्याची आठवण झाली. ते गेले. मी कुठे जाणार? आबांनी मला स्वयंपाकघराच्या दारात ओढलं.

"कोणाला सांगितलं नाही, कारण बघायला येणारे डोळ्यांनी वजन करतात. किती उरली, ते." मग आवाज आणखी खाली आला. "मागच्या रविवारी मी जखमी होतो. वाचवायला दहाच्या वर पाहिजे होतं. हिचा फासा दोनवर पडला, मी मेलो. हिनं हात चादरीखाली घातला तो आठ दिवस काढला नाही. आज परत तसं झालं तर ही हात सोडूनच देईल."

मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं, हे कृपया लक्षात ठेवा.

खेळ सुरू झाला. आबा आता मेलेल्या पहारेकऱ्याचे जुळे भाऊ झाले होते आणि बोगद्यात शिरताच तेही जखमी होऊन पडले. पुन्हा दहाच्या वर हवं होतं. तन्वीने अक्कांच्या उजव्या तळव्यात फासा ठेवला. एक बोट उघडलं. बऱ्याच वेळाने दुसरं. कपाळावर घाम आला. फासा सुटला, ट्रेभर गडगडला आणि माझ्यासमोर येऊन थांबला.

आबांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"सतरा."

मैत्रिणींनी टाळ्या पिटल्या. मीही वाकलो.

"अहो आबा, तीन आहेत!" मी म्हणालो. "नीट बघा, चक्क तीन!"

टाळ्या थांबल्या. तन्वी पंख्याकडे बघू लागली. आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. किती वेळ पुसावा त्याला काही मर्यादा? सगळ्यांचे डोळे अक्कांच्या त्या हातावर. चादरीची कड बोटांपासून इंचभर लांब होती.

हात हलला नाही.

अक्कांनी फाशाकडे पाहिलं, मग आबांकडे. चेहऱ्याची एक बाजू हळूच हसली. मग त्या माझ्याकडे वळल्या. आजारानंतर त्यांच्याकडे थोडेच शब्द उरलेत, तेही धुळ्याकडच्या माहेरचे. ते त्यांनी एकेक करून गोळा केले.

"भाऊ... माले दिखस. तू तोंड बंद ठेव."