कुंडीवरची गळती

एप्रिलच्या दुपारी सेलूत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आमचे शेजारी नागनाथअप्पा मात्र अंगणात एका कुंडीवर छत्री धरून बसलेले असतात. स्वतः उन्हात.

कुंडीत वीतभर कोलंबाईन. बर्फाच्या डोंगरात उगवणारं, निळ्या फुलाचं. परदेशात राहणाऱ्या लेकीनं बी आणलेलं. जन्मभर सरकीचा व्यापार केलेल्या माणसाला हे झेपणार का, असं मी विचारलं. म्हणाले, "बिनघोर ऱ्हावा. येतंय." साऱ्या गल्लीला बिनघोर राहायला सांगतात आणि स्वतः घटकेघटकेला पानाला हात लावून ताप बघतात. फ्रिजमधला बर्फ झाडाला, पाहुण्याला माठातलं पाणी. "माणसाला काय, सोसतंय."

खटाटोप नातीसाठी. मागच्या खेपेला ती उन्हानं बेजार झाली आणि "इथं आमच्यासारखं काहीच नाही" म्हणून रडली. यंदा सुट्टीत ती पुन्हा यायची होती. तिच्या अंगणातलं फूल तिला इथं दिसलं पाहिजे, एवढाच अप्पांचा हट्ट.

त्या हट्टापायी त्यांनी कहर केला. उन्हाळ्यात पिंडीवर थेंब थेंब पाणी पडावं म्हणून टांगतात ती तांब्याची गळती काढली आणि कुंडीवर टांगली. मग एका लग्नासाठी जिंतूरला गेले.

मधे सोमवार आला. गळती दिसली म्हणजे खाली महादेव असणारच. गल्लीतल्या बाया अंघोळ करून आल्या, तांब्यानं पाणी घातलं, बेल वाहिला. पहिला तांब्या आमच्या हिचा. या झाडाला गारवा लागतो, डबकं चालत नाही. अप्पा परतले तेव्हा बेलाच्या ढिगाखाली मूळ सडलं होतं.

आता गल्लीचा उद्धार होणार म्हणून मी दार लावून घेतलं. पण अप्पा एवढंच म्हणाले, "देव समजून घातलं त्यांनी. कुणावर तापावं?"

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. पोरीची शाळा आहे, यंदा जमत नाही. अप्पा "बरं, बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि त्याच कुंडीतली माती उकरायला बसले. मी जवळ जाऊन बसलो.

"मेलं ते बरंच झालं बगा," अप्पा म्हणाले. "फुललं असतं आन लेकरू आलं नसतं, तर म्या दाखवलं कुणाला असतं?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "अप्पा, आम्ही होतो की."

"तुमी हायच की," ते उरलेलं बी मातीत टोचत म्हणाले. "पर 'आज्जा' कोण म्हणलं असतं?"