मुलांआधी बघितलेला सिनेमा

ऑगस्टमधल्या बालदिनाला बालवाडीतल्या मुलांना सिनेमाला न्यायचं, इथपर्यंत सगळ्या पालकांचं एकमत होतं. कोणत्या सिनेमाला, हाही वाद नव्हता, कारण त्यांच्या वाल्दिव्हिया गावात त्या आठवड्यात लहान मुलांचा एकच सिनेमा लागला होता, नदीकाठच्या जुन्या थिएटरात. पिपा नावाचं समुद्रसिंहाचं पिल्लू, त्याला सांभाळणारा एक म्हातारा समुद्रसिंह आणि दोघांचा मिळून एक खडक, अशी ती कार्टूनची गोष्ट. पोस्टरवर दोघंही हसत होते. पण हिमेना बार्रिएन्तोस या बाईंचा त्या हसण्यावर भरवसा नव्हता.

"म्हातारा मरतो," पालकसभेत उभं राहून त्यांनी जाहीर केलं. "माझ्या बहिणीनं सान्तियागोत बघितलाय. म्हणजे सरळ मरतही नाही. समुद्रात निघून जातो. ते जास्त वाईट."

"मरेना का! आमच्या लहानपणी प्रत्येक सिनेमात कुणाची तरी आई मरायची," मागून एक बाप म्हणाला. "काय वाकडं झालं आमचं?"

"तेच बघतेय मी," हिमेनाबाई त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या.

हिमेनाबाई इस्पितळात सुईण होत्या. अर्ध्या वर्गाला त्यांनीच या जगात आणलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे फारसं कुणी बोलत नसे. "मागे ते घुबडाचं कार्टून दाखवलंत, तेव्हापासून माझा विसेन्ते आमच्या दोघांच्या मधे झोपतो. पोरगं घुबड विसरलं, पण माझा नवरा सोफ्यावर गेलाय तो अजून परत आलेला नाही. आता समुद्रसिंहामुळे कोण कुठं जाईल, सांगता येत नाही."

बालवाडीच्या मारित्सामावशींनी तोडगा काढला. दोघा पालकांनी आधी जाऊन सिनेमा बघावा आणि चालेल की नाही ते सांगावं. एक हिमेनाबाई ठरल्याच. दुसरं कुणीतरी थंड डोक्याचं हवं होतं.

"माझ्या नवऱ्याला न्या," यास्ना म्हणाली. "दगड आहे नुसता. दगडसुद्धा उन्हात तापतो, हा तेवढंही करत नाही."

सगळे हसले. तिचा नवरा रोसामेल ओयार्सून हसला नाही, त्यामुळे तिचं म्हणणं सगळ्यांना आणखीच पटलं. रोसामेल बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचा. गाडी वेळेवर येवो, उशिरा येवो की दरीत जावो, त्याचा आवाज तोच. मे महिन्यात त्याचे वडील गेले, तेव्हा बहीण ऊर बडवत असताना तो खुर्च्या मांडत होता, कॉफी पुरते का ते बघत होता, पाद्रीबाबांना छत्री देत होता. "काय धीराचा माणूस!" असं लोक म्हणाले. पण रात्री झोपेत त्याचे दात करकर वाजतात, हे यास्नाला एकटीलाच ठाऊक होतं.

घरी आल्यावर त्यांची अम्पारो दारातच उभी होती. पाच वर्षांची झाली तरी तिनं थिएटर आतून बघितलेलं नव्हतं.

"बाबा, तू माझ्याआधी जाणार?"

"बघायला नाही गं. तपासायला."

"मग डोळे मिटून तपास," अम्पारो म्हणाली आणि फणकाऱ्यानं आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला रोसामेल आणि हिमेनाबाई गेले. बाहेर तिकडच्या ऑगस्टमधल्या हिवाळ्याची गारठलेली भुरभुर होती आणि थिएटर आया-पोरांनी अर्धंअधिक भरलं होतं. पोरं बरोबर नसलेली मोठी माणसं तेवढी हीच दोघं. तिकीट फाडणाऱ्या पोक्त बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हे बघा रोसामेलभाऊ," बसल्याबसल्या हिमेनाबाईंनी कामाची वाटणी केली, "मी पडद्याकडे बघते. तुम्ही मुलांकडे बघा. कोण कुठं दचकतं, कोण आईला बिलगतं, सगळं ध्यानात ठेवा."

रोसामेलला ही वाटणी मानवली. दिवे गेल्यावर तो पडद्याकडे पाठ फिरवल्यासारखा तिरका बसला आणि मुलांची तोंडं वाचू लागला. मुलं मजेत होती. वादळ आलं, तेव्हा ती मक्याच्या लाह्या खात होती. शार्कसारखं काहीतरी येऊन गेलं असावं, तेव्हाही ती लाह्याच खात होती. पुढच्या रांगेतली पिवळ्या रेनकोटातली एक मुलगी तर पडद्यावरच्या प्रत्येकाला मोठ्यानं सल्ले देत होती. एकंदरीत काळजीचं काही दिसत नव्हतं.

तेवढ्यात पडद्यावरून एक आवाज आला. "चल हट, फुकट्या! कामधंदा नाही का तुला?"

रोसामेलनं गर्रकन मान वळवली. पडद्यावर मासळीबाजार होता. एक कोळी म्हाताऱ्या समुद्रसिंहाला शिव्या घालत होता आणि शिव्या घालता घालता एकेक माशाचं डोकं त्याच्याकडे भिरकावत होता. रोसामेलचे वडील सेफेरिनो यांनी नदीकाठच्या बाजारात जन्मभर मासळी विकली. ते याच शब्दांत समुद्रसिंहांना शिव्या घालायचे आणि असेच त्यांना खाऊ घालायचे. वाल्दिव्हियातले सगळेच कोळी तसं करतात, पण रोसामेलला त्या क्षणी ते सुचलं नाही.

मुलांचं त्याला भानच राहिलं नाही. तो सिनेमा बघू लागला. पडद्यावर हिवाळा आला. खडकावर ऊन पडायची एकच जागा होती आणि तिथे म्हातारा झोपायचा. एका सकाळी त्यानं झोपलेल्या पिपाला नाकानं हळूहळू ढकलत त्या उन्हाच्या जागेवर नेलं आणि म्हणाला, "इथं ऊब लवकर येते बरं का." मग तो आवाज न करता पाण्यात उतरला.

रोसामेलच्या घशातून एक आवाज निघाला. गंजलेला नांगर साखळीसकट ओढत न्यावा तसा. खोकला आला असेल, असं आधी त्याला वाटलं. मग दुसरा आवाज निघाला, तिसरा निघाला, आणि मे महिन्यापासून साठलेलं सगळं एकदम बाहेर यायला लागलं. त्यानं टोपी तोंडात कोंबली. पण टोपी लोकरीची होती, आवाज तिच्यातून गाळला जाऊन बाहेर येत होता.

पिवळ्या रेनकोटातल्या मुलीनं मागे वळून बघितलं. "आई, तो काका का रडतोय?"

"बघू नको तिकडे."

हे ऐकल्यावर त्या रांगेतल्या सगळ्या मुलांनी तिकडे बघितलं. समुद्रसिंह गेल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, पण एवढा मोठा मिशीवाला माणूस टोपी चावत रडतोय म्हटल्यावर काहीतरी भयंकरच असणार, असं त्यांनी ताडलं. पिवळ्या रेनकोटवालीनं भोकाड पसरलं. तिचं बघून शेजारच्यानं, त्याचं ऐकून मागच्या रांगेनं. अंधारात पलीकडे बसलेल्या एका आजींना हा गलका कळेना. "का रडतायत पोरं? भूकंप आहे का?" त्यांनी विचारलं. प्रश्न पुढच्या रांगेत गेला, पुढून बाजूला गेला, आणि वाटेत 'का' गळून पडला. थिएटरच्या दुसऱ्या टोकाला पोचला तो नुसताच "भूकंप आहे!"

भूकंप म्हटलं की वाल्दिव्हियातली माणसं आरडाओरडा करत नाहीत. ती उठतात, पोर काखेला मारतात आणि रांगेनं मोकळ्या जागेत जातात. बघता बघता सगळं थिएटर नदीकाठच्या फरसबंदीवर पावसात उभं होतं. जमीन काही हलत नव्हती. झुंबरं हलली का म्हणून बघावं, तर त्या थिएटरला झुंबरं नव्हती. मुलं मात्र रडत होती, सगळीच्या सगळी.

"बघितलंत?" हिमेनाबाई विजयी मुद्रेनं म्हणाल्या. "मी काय म्हणत होते! पोरं कधी रडायला लागली?"

"तो... म्हातारा जातो तेव्हा," रोसामेल म्हणाला. हे खोटं नव्हतं. टोपीचं मात्र तो काही बोलला नाही.

बातमी त्याच्याआधी घरी पोचली. संध्याकाळी पावाला अवोकाडो फासता फासता यास्ना फोनवरचा पालकांचा गट वाचत होती. "थिएटरातून पोरं किंचाळत बाहेर पळाली म्हणे. एकीला चक्कर आली. रेडिओवरही सांगितलं. रोसामेल, त्यात रक्त होतं?"

"नाही."

"इथं तर लिहिलंय, पडदाभर रक्त. आणि म्हाताऱ्याला शार्कनं खाल्लं म्हणतायत."

"कुणी खाल्लं नाही त्याला. तो आपला आपण गेला."

"मग पोरं का रडली?"

रोसामेलनं पाव तोंडात कोंबला. थिएटरवाले तो सिनेमा उतरवायच्या विचारात आहेत आणि बालवाडीची सहल रद्द झाल्यातच जमा आहे, हेही यास्नानं वाचून दाखवलं. दारात अम्पारो उभी होती. सिनेमाला जाताना लावायच्या पिना ती सकाळपासून केसांना लावून बघत होती. तिनं त्या एकेक करून काढल्या, आईच्या हातात दिल्या आणि खेळण्यांपाशी जाऊन बसली. तिनं भोकाड पसरलं असतं, तर रोसामेलला ते सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी तातडीची पालकसभा भरली. हिमेनाबाईंनी जे झालं ते सांगितलं आणि त्या बसल्या. मारित्सामावशींनी सुस्कारा टाकला. "मग सहल रद्द. मुलांना आपण अंगणात..."

"मी होतो," रोसामेल म्हणाला.

"तुम्ही होतात हे माहीत आहे, रोसामेलभाऊ. तुम्हालाच पाठवलं होतं."

"तसं नव्हे. रडणारा मी होतो. पोरं मला बघून रडली."

यास्नानं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं, एखादं कपाट बोललं तर बघावं तसं.

"तुम्ही?" मागचा तो बाप म्हणाला. "कशाला?"

"काही नाही. तो म्हातारा असतो ना, त्याची उन्हातली जागा असते," रोसामेल घोषणेच्याच आवाजात सांगू लागला. "पिल्लू झोपलेलं असतं. त्याला तो नाकानं ढकलतो. हळू. म्हणजे जाग यायला नको. आणि त्याला म्हणतो, इथं ऊब..." इथे गाडी थांबली. त्यानं पुन्हा सुरुवात केली. "इथं ऊब लवकर..."

यास्नानं तोंडाला पदर लावावा तसा स्वेटरचा हात लावला. मागच्या त्या बापानं नाक शिंकरलं. एक आई पर्समध्ये रुमाल शोधू लागली, मग शेजारणीच्या पर्समध्ये शोधू लागली. मारित्सामावशी खिडकीपाशी जाऊन, बघण्यासारखं काही नसताना, बाहेर बघत राहिल्या.

"पण हिमेनाबाई," रुमालवाल्या आईनं विचारलं, "तुम्ही तर पडद्याकडे बघत होतात. तुम्हाला काही नाही झालं?"

हिमेनाबाईंनी हातातली किल्ली इकडची तिकडे केली. "मी डोळे मिटले होते. कानांतही बोटं घातली होती."

"कधीपासून?"

"दिवे गेल्यापासून," त्या म्हणाल्या. "आधीच सांगते, हसायचं नाही. बाळंतपणं शंभर करीन. पण अंधारात मोठ्या आवाजात कार्टून नाही बघवत मला. घुबडाच्या वेळी विसेन्तेला एकट्याला छान झोप येत होती. घाबरून त्याला आमच्या दोघांच्या मधे घेतलं ते मीच."

तेव्हा समितीचा निष्कर्ष असा निघाला, की जिनं सिनेमा बघायचा तिनं तो बघितला नव्हता, ज्यानं मुलं बघायची त्यानं सिनेमा बघितला होता, आणि मुलांना त्यात आक्षेपार्ह असं एका रोसामेलखेरीज काही सापडलं नव्हतं. सहल ठरल्याप्रमाणे जावी, मुलांबरोबर फक्त मारित्सामावशी आत बसतील, पालकांनी बाहेर थांबावं, असा ठराव झाला. मावशींनी खबरदारी म्हणून कानांत कापूस घातला.

बालदिनाच्या त्या खेळाला पालक थिएटरच्या व्हरांड्यात येरझारा घालत होते. आतून येणारं संगीत म्हातारा जातो तेव्हाचं असल्याचं रोसामेलनं खुणावलं, तसे सगळे दाराला कान लावून उभे राहिले. रडं ऐकू आलं नाही. आलं ते जोरात खिदळणं. मुलं बाहेर आली तीसुद्धा एकमेकांच्या तोंडावर खोटं खोटं शिंकत. हिमेनाबाईंनी विसेन्तेच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"घाबरलास का रे?"

"कशाला?" विसेन्ते म्हणाला आणि त्यांच्या तोंडावर शिंकला.

रोसामेल अम्पारोसमोर उकिडवा बसला. "आवडला? आणि तो म्हातारा..."

"गेला तो."

"मग पुढे काय होतं? मी तेवढाच बघितलाय."

"सांगत नाही. तू बघ. मी बसते तुझ्याजवळ."

पुढच्या खेळाची दोन तिकिटं काढून दोघं दाराशी गेली. त्या पोक्त बाईंनी रोसामेलला तात्काळ ओळखलं आणि दारावर डकवलेल्या ताज्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : मोठ्यांना लहान मुलांच्या सोबतीशिवाय प्रवेश नाही.

"हे तुझ्याबरोबर आहेत का गं?" बाईंनी अम्पारोला विचारलं.

"हो," अम्पारो म्हणाली. "पण आम्हाला कडेची जागा द्या."

अंधारात ती वडिलांचं एक बोट धरून बसली. वादळ आलं, शार्क आला, बाजार आला. म्हाताऱ्यानं पिपाला उन्हाच्या जागेकडे ढकललं, तसा रोसामेलच्या घशात नांगर हलला. अम्पारोनं पडद्यावरची नजर न काढता खिशातून कागदी रुमालाचा बोळा काढून त्याच्या हातात कोंबला.

"पटकन रडून घे बाबा," ती कुजबुजली. "पुढे पेलिकन शिंकतो. ते चुकेल."