एक टिंब जास्त

लॉयड पेनरने अर्ज भरायला घेतला तेव्हा बाहेर उणे एकतीस होतं आणि घरात त्याच्याशी बोलायला फक्त रेडिओवरचा हवामानवाला. चाळीस वर्षं चष्मे विकून निवृत्त झालेला हा कॅनडातल्या मॅनिटोबाचा गृहस्थ कॅम्परगाडी घेऊन मेक्सिको फिरायला निघणार होता. वाटेत सोनोरातल्या एका धर्मार्थ दवाखान्यात महिनाभर फुकट काम करायचं, गरजूंना चष्मे बसवून द्यायचे. बेत सगळा त्याच्या बायकोचा, हेदरचा. नकाशावरचे मुक्काम तिनेच ठरवलेले, अर्जही तिनेच मागवलेला. फक्त तो भरायच्या आत ती गेली.

अर्ज स्पॅनिशमध्ये होता. नाव, वय, पत्ता इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग आली ‘वैवाहिक स्थिती’. विधुर हा शब्द त्याला येत होता, पण हात काही वळेना. पाऊण तास बसून त्याने शेवटी ठोकून दिलं: विवाहित. आता स्पॅनिशमध्ये विवाहित म्हणजे ‘कसादो’, आणि ‘कंसादो’ म्हणजे थकलेला. मराठीत लिहायचं तर एका टिंबाचा फरक. लॉयडने टिंब दिलं.

दवाखान्याच्या हेडनर्स कुकाबाईंनी अर्ज दोनदा वाचला. वय बहात्तर, वैवाहिक स्थिती थकलेला.

“अर्ज चुकला वाटतं बिचाऱ्याचा,” त्या शिपाई तिबुर्सियोला म्हणाल्या. “याला सेवा करायची नाहीये, करून घ्यायचीय.”

“का हो बाई, तिकडं डॉक्टर नाहीत?”

“असतील की. पण थकलोय म्हणून सांगायला घरात कुणी नसेल.”

त्यांनी लगेच उत्तर धाडलं. ‘अवश्य या. काही उचलू नका, आमची माणसं आहेत. येताना रिकाम्या पोटी या.’

लॉयड गहिवरला. रिकाम्या पोटी या! केवढं हे अगत्य! सख्ख्या मेव्हण्याने त्याला असं कधी बोलावलं नव्हतं.

प्रवासाला नऊ दिवस लागले. रोज मुक्कामावर तो गाडीबाहेर दोन खुर्च्या मांडायचा. एक मांडली की शेजारचे येऊन ‘एकटेच का?’ विचारतात. दोन मांडल्या की बाईसाहेब आत पडल्या असतील असं समजून निघून जातात. खोटं बोलावं लागत नाही आणि कुणी बसायलाही येत नाही. नऊ दिवसांत तो पेट्रोलवाल्यांखेरीज कुणाशी बोलला नाही.

दवाखान्यात तो सकाळी पोचला तो आदल्या दुपारपासून उपाशी. समोर गरम तमाले नाहीतर निदान सूप येईल या आशेने तो हसतमुखाने खुर्चीत बसला.

“बाही वर करा,” कुकाबाई म्हणाल्या आणि सुई टोचून दोन नळ्या रक्त काढलं.

“मी काम येतो,” लॉयड कळवळला. “चष्मा! तीनशे चाळीस चष्मा!”

“बरं बरं,” म्हणत कुकाबाई तिबुर्सियोकडे वळल्या. “डोक्यावरही परिणाम दिसतोय रे.”

“आजारी नाही मी!”

“इथं आलेला कुणीच नसतो. पडा जरा.”

लॉयडने अर्जाची नक्कल काढून त्यांच्या नाकासमोर धरली. बाईंनी शांतपणे त्या शब्दावर बोट ठेवलं. “हे तुमचंच अक्षर ना? थकलेला.”

लॉयडचे कान लाल झाले. “टिंब नको! टिंब नको! कसादो!”

“म्हणजे लग्न झालंय?” कुकाबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी खिडकीतून उन्हात तापणारी गाडी पाहिली. “मग बाई कुठायत? गाडीत? या उन्हात? अहो, माणूस आहात की कोण!”

दोन खुर्च्यांवर भागायचे दिवस संपले होते. लॉयडने मनाचा हिय्या केला. ‘मरणे’ हे क्रियापद त्याला पाठ होतं. पण स्पॅनिश शिकायच्या पुस्तकात भूतकाळ साठाव्या पानावर होता आणि तो अठ्ठेचाळीसपर्यंतच पोचला होता.

“माझी बायको,” तो म्हणाला, “मरते.”

“तिबुर्सियो! स्ट्रेचर!”

मग काय विचारता! पुढे स्ट्रेचर, मागे कुकाबाई, त्यांच्यामागे रांगेतले यच्चयावत रोगी. ऐंशीच्या चोलेआजींनी चालता चालताच जपमाळ काढून प्रार्थना सुरू केली. तिबुर्सियोने खांदा लावून गाडीचं दार उघडलं.

आत कुणीच नव्हतं. बिछाने दोन. एक चुरगळलेला. दुसऱ्यावर इस्त्रीची चादर, उशी, आणि पायथ्याशी बायकी चपलांचा एक जोड, किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत असलेला. कुकाबाईंनी चपला पाहिल्या. मग दंडावर कापूस दाबून धापा टाकत आलेल्या त्या माणसाकडे पाहिलं.

“कधी?” त्यांनी हळूच विचारलं.

भूतकाळ येत नसला तरी महिने येत होते. “मार्च,” लॉयड म्हणाला. “हा नाही. मागचा नाही. त्याच्या मागचा.”

स्वतःच्या तोंडाने हे तो पहिल्यांदाच कुणाला सांगत होता. गाडीच्या पायरीवर बसून तो सगळ्यांदेखत रडला.

कुकाबाई डोळे पुसून गर्दीवर ओरडल्या, “चला रे, रांगेत चला! कुणी मरत नाहीये.”

“आणि माझी माळ?” चोलेआजी म्हणाल्या. “निम्म्यावर आलेय मी. आता देवाला काय सांगू, पत्ता चुकला म्हणून?”

“आजी, त्या केव्हाच गेल्यात. दोन वर्षं झाली.”

“मग काय झालं? गेलेल्यांनाही चालते. नाव सांग रे बाबा तिचं. बिननावाची प्रार्थना पोचायची कुठं?”

“हेदर,” लॉयड म्हणाला.

चोलेआजींच्या जिभेवर ‘ह’ काही टिकला नाही. “एदर,” आजी म्हणाल्या, आणि मागची पंचवीस माणसं, खोकणारी, लंगडणारी, कडेवर पोरं घेतलेली, उन्हात उभी राहून एका सुरात म्हणाली, “माते, एदरसाठी देवाला विनव.”

माळ संपेपर्यंत ते नाव निदान पन्नास वेळा चुकलं. लॉयडने एकदाही दुरुस्त केलं नाही. पाचव्या-सहाव्या वेळेपासून तोही एदरच म्हणायला लागला.