आळशी उंदरांचं हृदय

गुप्तहेर म्हणून मामांचं स्वतःबद्दलचं मत असं, की नजर घारीची, पाऊल मांजराचं आणि बुद्धी, ती तर विचारूच नका. कोणी विचारतही नसे. आजवर हाती घेतलेली सगळी प्रकरणं त्यांच्या हातातच राहिली होती. तरीही भाचीने त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, कारण रडायला घरचं माणूस हवं होतं.

तिचा प्रबंध उंदरांच्या हृदयावर होता. एक गट फिरत्या पट्ट्यावर जोरात धावणारा, एक हळू चालणारा आणि एक नुसता आराम करणारा. मग हृदयाच्या स्नायूत शक्ती तयार करणारं एन्झाइम कोणाचं किती जोमाने काम करतं, ते तपासायचं. व्यायाम जितका कडक, तितका जोम जास्त, असा सगळ्यांचा अंदाज. पहिल्या तुकडीचे निकाल आले आणि आराम गटाने धावणाऱ्यांची बरोबरी केली. प्रबंधाचे मार्गदर्शक सर म्हणाले, "हा तुझा हलगर्जीपणा. सोमवारपर्यंत कारण सांग, नाहीतर प्रबंध विसर."

दुसऱ्या तुकडीचे उंदीर अजून पिंजऱ्यात होते. मामांनी आराम गटाच्या पिंजऱ्यात भिंग घातलं. आतलं चाक मधे येत होतं, ते त्यांनी बाजूला सारलं.

"गट आपसात बदललेत."

"प्रत्येकाच्या शेपटीवर खूण आहे, मामा."

"मग खुणा बदलल्या. उंदरांनीच."

भाचीने खुणांची वही त्यांच्यापुढे धरली.

"बरं, मग धास्ती. शेजारी पळतायत ह्या विचारानेच ह्यांची छाती धडधडते. बसल्या जागी व्यायाम."

"ते झोपलेत, मामा."

"ढोंग आहे. मुरलेला गुन्हेगार असाच झोपतो."

इतक्यात मामी आली. घराची किल्ली मामांच्या खिशात राहिली होती. किल्ली घेताघेता ती पिंजऱ्यात डोकावली.

"हे चाक कशाला गं?"

"करमणुकीला. आराम गट कंटाळू नये म्हणून सरांनी पहिल्या तुकडीपासूनच बसवलं. पण मी दिवसा येते तेव्हा कोणी त्याला शिवतसुद्धा नाही."

"दिवसा कसे शिवतील? आपल्या माळ्यावरचे रात्री काय धुमाकूळ घालतात." मामीने चाकाचा आस बोटाने चाचपला. "जुन्या शिवणयंत्रासारखा झिजलाय. ही लेकरं रात्रभर पळतात."

दारात सर उभे होते. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मला दया आली होती त्यांची," ते म्हणाले. "चूक माझी. तुझा प्रबंध कुठे जात नाही. हा गट आपखुशीने धावणारा म्हणून लिही. फक्त आराम गट पुन्हा करावा लागेल, खरोखर न हलणारा."

भाचीला पुन्हा रडू आलं, पण ह्या वेळी बरं वाटून.

"मी चाक बाजूला सारलं, तेव्हाच ओळखलं होतं," मामा खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले.

"न हलणारा हवाय ना?" मामी सरांना म्हणाली. "ह्यांना ठेवून घ्या. चाक लावलंत तरी चालेल."