बायकोच्या रक्ताला मी पास केलं

विजेच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये! वायरच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस आहे मी. वायरवरच्या वेष्टणाने विजेला जितका जास्त विरोध केला, तितकी वायर चांगली. मीटरचा आकडा चढला की मी कागदावर ‘पास’चा शिक्का हाणतो. आजवर त्या शिक्क्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही.

म्हणूनच बायकोच्या रक्तावर विजेने केलेल्या तपासणीचा अहवाल आला, तेव्हा मी तो तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला.

तीन वर्षं ती थकलेली होती. थकवाही साधा नाही. आंघोळ केली की तासभर आडवी! बाकी सगळ्या तपासण्या चोख. नातेवाईक म्हणत, “मनाचे खेळ.” मीही म्हणत होतो, आता कबूल करतो. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी दीर्घकालीन थकव्याचा आजार असल्याचं सांगितलं आणि संशोधनासाठी तिचं रक्त घेतलं. रक्तात मीठ घालून पेशींना कामाला जुंपायचं आणि मग त्या पेशी विजेला किती विरोध करतात ते मोजायचं, अशी ती नवी तपासणी.

“आधी डॉक्टरांना दाखवू या,” ती पलंगावरून म्हणाली.

“अगं, हे माझं रोजचं काम! ही रेघ बघ, कशी झोकात चढलीय! ठणठणीत आहेस तू!”

“मग मला उठवत का नाही?”

“सवय!” मी म्हणालो.

ती शिक्षिका. रजा वाढवायची तर शाळेला अहवाल हवा होता. तो मी आधी कारखान्यात मिरवला, हात शिवशिवले म्हणून शिक्का मारला आणि मग शाळेत नेऊन दिला.

“पास?” मुख्याध्यापिकांनी चष्मा वर केला.

“एकदम उत्तम!”

“मला वाटलंच होतं. सोमवारी पाठवा त्यांना.”

रजा तिथल्या तिथे रद्द! ती नको नको म्हणत असताना मीच तिला शाळेच्या दारात सोडून आलो. बुधवारी ती फळ्यापाशी खाली बसली आणि तिला उठताच येईना. दोन शिक्षिकांनी धरून गाडीत घातलं. शाळेने परत दिलेला अहवाल घेऊन मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“हा शिक्का कोणाचा?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“माझा.”

“निरोगी माणसाची रेघ फारशी हलत नाही. इतकी चढली, म्हणजे पेशींना ताण झेपत नसावा.”

मी चाटच पडलो. पण गप्प बसेन तर मी कसला!

“म्हणजे नापास! आजार सिद्धच झाला की!”

“तेही नाही. मोजक्याच लोकांवर करून पाहिलंय हे. दुसऱ्या आजारांतही रेघ चढत असेल, अजून ठाऊक नाही. नुसत्या रेघेवरून मी निदान करत नाही.”

“मग कशावरून करता?”

“त्यांना विचारून. तासभर विचारत होते मी. तुम्ही कधी विचारलंत?”

मला फार लाज वाटली. त्यांनी रजेसाठी स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली आणि ती बंद पाकिटात घातली.

घरी आल्यावर मी तिच्या उशाशी पाणी ठेवलं आणि खुर्ची ओढून बसलो. “सांग, तुला नेमकं काय काय होतं?”

ती माझ्याकडे वळली.

“तीन वर्षं वाट बघितली, तुम्ही हे विचाराल म्हणून. आज विचारलंत, तर बोलायचं त्राण नाही हो.”

तिने डोळे मिटले. आणि खरं सांगतो, “थोडा प्रयत्न तर कर!” असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.