चौसष्ट गाठी

“ओढून बघ गं,” सासूबाई म्हणायच्या. “ओढल्यावर सुटली तर बाळाची गाठ, आवळली तर लग्नाची. बाळं पुन्हा पुन्हा व्हावीत. लग्न एकदाच.”

बत्तीस वर्षांपूर्वी नवी सून होऊन जपानातल्या ईदा गावात आलेल्या तोमिएच्या हातात कागदी दोऱ्याची पहिली लडी देताना त्या हे बोलल्या होत्या. आवाज बारीक आणि ताठ, नदीकाठच्या वाऱ्यात वाळत घातलेल्या दोऱ्यासारखा. सासूबाई गेल्या, आवाज राहिला. एरवी तो तोमिएला वर्षातून एखाद्या वेळी आठवायचा. त्या दिवशी सकाळी सहा वाजता मात्र तो थेट कानात येऊन बोलला.

मुलीच्या लग्नाची सकाळ होती. गॅसवर मिसोचं सार उकळत होतं. तोमिएनं फळीवरचं उरलेलं कार्ड सहज हातात घेतलं. एक जास्तीचं केलं होतं, घरात आठवण म्हणून. बाहेरच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याचं टोक तिनं उगाच चिमटीत धरलं, ओढलं, आणि गाठ सुळकन सुटली.

सार उतू गेलं.

“अहो!”

गेन्झो अंगणात गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता.

“अहो, सुटली!”

“काय?”

“गाठ! लग्नाच्या कार्डांना बाळाची गाठ मारलीय मी. चौसष्टच्या चौसष्ट!”

“हं,” गेन्झो म्हणाला आणि पुन्हा बर्फ खरवडू लागला.

तोमिए घडीची कार्डं करायची. हातकागदाला मधोमध घडी, घडीच्या पोटात कातरून बसवलेला करकोचा. कार्ड उघडलं की तो पंख पसरून उभा राहायचा, आणि पंखावर पाहुण्याचं नाव. लग्नाच्या जेवणात प्रत्येकाच्या ताटापुढे असं एक कार्ड, आत नवरानवरीनं त्याच्यासाठीच लिहिलेल्या दोन ओळी. मिसुझु आणि तिचा शुहेई यांनी आठवडाभर बसून चौसष्ट जणांसाठी चौसष्ट मजकूर लिहिले होते आणि गठ्ठा आईच्या स्वाधीन करताना मिसुझुनं बजावलं होतं, “आई, फक्त गाठी मारायच्या. आत डोकावायचं नाही.”

तोमिएनं डोकावलं नव्हतं. तिनं गाठींकडेही पाहिलं नव्हतं, हीच तर पंचाईत. त्याच महिन्यात एका प्रसूतिगृहानं तिच्याकडून बाळांच्या अभिनंदनाची तीनशे कार्डं करून घेतली होती, हाताला तेच वळण पडलेलं. आणि डोळे? डोळे टीव्हीवर. लग्नानंतर मिसुझु शुहेईबरोबर पार उत्तरेला, कुशिरोला राहायला जाणार होती. तो तिथं गाईंचा डॉक्टर.

“पोरगी एवढ्या लांब चाललीय, करमेल का गं तुला?” शेजारणी विचारायच्या.

“न करमायला काय झालं? बरंच झालं. तिची खोली मोकळी होईल. कागद ठेवायला जागा नाही मला!”

असं दिवसा सांगणारी तोमिए संध्याकाळी हवामानाच्या बातम्या लागल्या की मान वर करायची. कुशिरो, उणे अकरा. कुशिरो, उणे चौदा. खाली हात आपले चाललेच होते: घाल वेढा, काढ फास, ओढ दोरा, ठेव बाजूला.

आता त्या चौसष्ट गाठी लग्नाच्या हॉलमध्ये चौसष्ट ताटांपुढे मांडलेल्या होत्या आणि प्रत्येक गाठ न बोलता म्हणत होती, हे लग्न सुटो, आणि पुन्हा होवो.

“मिसुझुला फोन करू?”

“हं.”

“नको! साडेसातला तिला नटवायला बसवणार. रडली तर सगळी पावडर वाहून जाईल. आणि त्या आत्याबाई! त्यांना काय तोंड दाखवू?”

आत्याबाई म्हणजे कानाझावाच्या हातानाका बाई. शुहेईला आई नव्हती, त्याला या आत्यानंच वाढवलं. तीस वर्षं त्या मुलींना रीतभात शिकवायच्या: नमस्काराला किती वाकायचं, पेला कुठल्या हातानं फिरवायचा. दोन्ही घरं पहिल्यांदा भेटली तेव्हा त्यांनी मिठाईचा डबा आणला होता. डब्यावर नेमकी बाळाची गाठ. दुकानदाराची चूक असणार. पण तोमिएच्या बोटांना राहवेना. “या दुकानदारांना हल्ली काही कळतच नाही, नाही का?” असं गोड हसून तिनं सगळ्यांदेखत ती गाठ सोडली आणि लग्नाची बांधून दिली. आत्याबाईही हसल्या होत्या. ते हसू आठवून तोमिएला आता थंडी वाजली.

“आठला हॉल उघडतो. साडेनऊला मला किमोनो नेसवायला बाई येणार. मध्ये दीड तास. होतील ना चौसष्ट?”

“हं.”

“हं म्हणजे होतील, की हं म्हणजे नाही होणार?”

“गाडीत बस,” गेन्झो म्हणाला.

तीस वर्षं बस चालवलेला माणूस. रस्ता रिकामा, तरी प्रत्येक थांब्यापाशी त्याची गाडी मंदावायची.

“अहो, कोणी चढणार नाहीये!”

गेन्झो पुढच्या थांब्यापाशीही मंदावला.

हॉलच्या दारात मिनोवा नावाची, कार्यक्रमाची सगळी व्यवस्था पाहणारी तरतरीत मुलगी उभी होती. डोक्याला फडकं, कमरेला एप्रन, काखेत दोऱ्याच्या लड्या अशी तोमिए आणि मागे टोपीवाला गेन्झो पाहून ती म्हणाली, “फुलवाले ना? मागच्या दारानं या. आणि टेबलांवरच्या वस्तूंना हात लावायचा नाही हं. मांडणी झालीय.”

“नाही, नाही,” तोमिए म्हणाली आणि नवऱ्याला ओढत मागच्या दारानं आत शिरली.

आठ गोल टेबलं. पांढऱ्या चादरी, उंच पेले, आणि प्रत्येक ताटापुढे तिचं कार्ड, लाल-पांढरं फुलपाखरू बसल्यासारखं. इतकं देखणं की तोमिएला क्षणभर स्वतःचंच कौतुक वाटलं. मग तिनं स्वतःलाच मनातून एक चापट मारली.

“तुम्ही सोडत चला, मी बांधत येते. सुटलेला दोरा मुरगळलेला, तो पुन्हा घ्यायचा नाही. मी नवा घालते.”

बाळाची गाठ सोडायला अक्कल लागत नाही. ओढलं की झालं. लग्नाच्या गाठीला मात्र तीन वळसे, दोन फास, शेवटी श्वास रोखून दोन्ही टोकांचा ताण. तोमिएनं नववं कार्ड बांधून मान वर केली तेव्हा गेन्झो शेवटच्या टेबलापाशी हात झटकत उभा होता.

आणि कार्डं? तिची कार्डं गाठीच्याच जोरावर मिटलेली असायची. गाठ गेली की घडी उघडायची. सगळ्या हॉलभर करकोचे उठून उभे राहिले होते, पहाटे तळ्यावर थवा उतरावा तसे, आणि हीटरच्या वाऱ्यानं माना डोलवत होते.

“अहो, हे काय केलंत!”

“सोडत चला म्हणालीस.”

“सगळी एकदम नाही हो! आता कोणी आलं तर?”

“बांध ना मग,” गेन्झो म्हणाला.

तोमिए बांधू लागली. डोकावायचं नाही म्हणून अर्धवट डोळे मिटून. पण दोन्ही डोळे मिटले तर फास सापडेना, आणि एक उघडला की अक्षरं दिसायची. सेइजीमामाच्या कार्डात: ‘मामा, भाषण तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला वाजंत्री सुरू होईल.’ शाळेतल्या मैत्रिणीच्या: ‘माझी छत्री परत देशील या आशेवर सात वर्षं मैत्री टिकवली.’ तोमिएला हसू आलं, हात चुकला, पुन्हा पहिल्यापासून. एकोणिसावं झालं. विसावं झालं. पावणेनऊ वाजले.

“अरे वा,” दारातून एक आवाज आला. “सकाळी सकाळी, विहीणबाई?”

हातानाका बाई. राखाडी किमोनो, एक केस इकडचा तिकडे नाही. रात्री इथल्याच अतिथिगृहात उतरल्या होत्या आणि आसनांचा मान बरोबर राखलाय का ते बघायला आल्या होत्या. त्यांची नजर तोमिएच्या फडक्यावरून निघाली, एप्रनवर आली, उभ्या करकोच्यांवरून फिरली आणि टेबलावर पडलेल्या मुरगळलेल्या दोऱ्यांपाशी येऊन थांबली.

तोमिएचं तोंड तिच्या आधी बोललं. “आमच्या खोऱ्यातली पद्धत आहे, आत्याबाई. लग्नाच्या सकाळी मुलीकडची माणसं जुन्या गाठी सोडतात आणि नव्या बांधतात.”

अशी पद्धत त्या खोऱ्यात कोणाच्या पणजीनंही ऐकली नव्हती. गेन्झो टोपी काढून तिच्या आत बघू लागला.

आत्याबाईंनी एक मुरगळलेला दोरा उचलून पाहिला. तीस वर्षं रीतभात शिकवलेली बाई. तिला एखादी रीत माहीत नाही, असं कसं होईल?

“ठाऊक आहे की,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडेही करायचे पूर्वी. फक्त आमच्याकडे मुलाची आत्या बसल्याशिवाय सुरुवात करत नाहीत.”

“तुमचीच तर वाट बघत होते!”

“मग बाळाची... म्हणजे जुनी गाठ आधी का मारायची, तेही सांगतात ना तुमच्याकडे?”

“सांगतात,” तोमिए म्हणाली. “पण ते लग्न लागल्यावर.”

“बरोबर,” आत्याबाई म्हणाल्या आणि बाह्या सावरून बसल्या.

बाई हाताच्या मात्र पक्क्या. गाठ अशी पडायची की दोऱ्याची काय बिशाद! तोमिए तिसरं बांधेपर्यंत त्यांचं चौथं व्हायचं. मधूनच टोमणा, “टोकं थोडी आखूड ठेवता का तुम्ही इकडे?” तोमिएनं तो गिळला. मग आत्याबाईंच्या हाती त्यांचंच कार्ड आलं. शुहेईचं अक्षर. त्यांनी वाचलं. तोमिएनंही, एका डोळ्यानं: ‘आत्या, आज कोणाला काही शिकवू नकोस. नुसती जेव. आयुष्यभर तू शेवटी जेवलीस.’

आत्याबाईंनी कार्ड मिटलं. त्यावर गाठ बांधली, आणि ती ओढत राहिल्या, ओढत राहिल्या, तोमिएला वाटलं आता दोरा तुटतो.

“सर्दी झालीय मला,” त्या म्हणाल्या.

“हवाच तशी आहे,” तोमिए म्हणाली आणि आपला रुमाल पुढे केला.

एवढ्यात मिनोवा आत आली आणि किंचाळायच्या बेतात थबकली. फुलवाली बाई आणि नवऱ्या मुलाची आत्या शेजारी शेजारी बसून कार्डं बांधतायत, हे काय?

“विधी आहे,” आत्याबाईंनी नाक पुसत सुनावलं. “तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“हो? इथला? कित्ती सुंदर!” मिनोवानं वही काढली. “पुढच्या लग्नांतही करू या आपण! थांबा, फोटोवाल्याला बोलावते. नवरीला पण बोलावते!”

“नवरीला नको!” तोमिए ओरडली, पण मिनोवा गेलीसुद्धा.

साठावं, एकसष्टावं, बासष्टावं. दाराजवळचं शेवटचं टेबल आई-वडिलांचं. घरच्यांनी नवरानवरीपासून सगळ्यांत लांब बसायचं असतं. तोमिए तिथं पोचली आणि बघते तो काय, तिथली दोन कार्डं मिटलेलीच. तिचं आणि गेन्झोचं. दोन्हीवर बाळाची गाठ, तशीच.

“अहो, ही दोन राहिली की!”

ती हात घालणार, तेवढ्यात गेन्झोनं आपला रुंद पंजा दोन्ही कार्डांवर ठेवला.

“राहू दे.”

“राहू दे काय? सगळं केलं आणि आपल्याच—”

दारात मिसुझु उभी होती. पांढराशुभ्र किमोनो, एक भुवई रंगवलेली, दुसरी कोरी. मागे धापा टाकणारा फोटोवाला आणि कुंचला उगारलेली नटवणारी बाई.

“आई, काय चाललंय? म्हणे आपल्या खोऱ्यातला विधी. कुठला विधी?”

तोमिएला वाटलं, चादरीखाली शिरावं.

“आहे, आहे,” आत्याबाई घाईनं म्हणाल्या. “फार जुना आहे. तुम्हा पोरींना काय ठाऊक!” त्यांनी तोमिएकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मिठाईच्या डब्याचा हिशेब नव्हता. तोमिएला प्रथमच ही बाई आवडली.

वाचलो, असं तिला वाटलं. पण मिनोवा वही सरसावून पुढे आली. “मग ही दोन कार्डं तशीच का ठेवतात? त्याचा काय अर्थ?”

तोमिएच्या डोक्यात एकही अर्थ शिल्लक नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. गेन्झोनं पंजा तसाच ठेवला होता.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“गाठी. परवा खोक्यात भरतानाच पाहिलं. सगळ्या सुटणाऱ्या.”

“पाहिलंत?” तोमिएचा आवाज फाटला. “दोन दिवस पाहून गप्प बसलात? तोंडात काय धरलं होतंत?”

“मला वाटलं, तू मुद्दाम मारल्यास.”

“मुद्दाम? मी कशाला मुद्दाम—” असं म्हणता म्हणता तोमिए थांबली. आपल्या हातांकडे पाहू लागली.

गेन्झोनं टोपी टेबलावर ठेवली. बसचा थांबा पुकारायचा तसा त्यानं घसा खाकरला, आणि एक भुवई रंगवलेल्या लेकीकडे सरळ पाहिलं.

“पोरी, जाऊ नकोस, असं म्हणायचं होतं मला. नोव्हेंबरात तुझं ठरलं तेव्हापासून म्हणायचं होतं. आता म्हटलं.” त्यानं पंजाखालची दोन्ही कार्डं आपल्याकडे ओढून घेतली. “आता जा.”